चौथी चूक

कोल्हापूर, २० जानेवारी

शबनूर,

कागद एकटी असताना वाच, आणि वाचून झाला की लगेच बापाला फोन लावू नकोस. मला ऐकू येत न्हाय म्हणून फोनवर मीच ओरडते, आणि घरात कुणाला कळू नये ती गोष्ट बोळातल्या शेवटच्या दारापर्यंत जाती. म्हणून दुसरीत शाळा सोडलेला हात परत कामाला लावलाय. अक्षराला हसायचं असेल तर हसून घे आणि पुढं वाच.

गोष्ट गाडीची हाय. दोन वर्सामागं मौलालीनं, तुझ्या बापानं, जीप विकून ती बिनक्लचची ऑटोमॅटिक घेतली. तूच शोधून दिलीस. पावण्यांना जोतिबाला न्यायचं आणि आणायचं, त्यावर ह्या घराची चूल पेटती. दिवाळीपासनं गाडी बिघडलीया. चढाला लागली की इंजिन रेड्यागत ओरडतंय आणि गाडी पुढं जाईना. मागनं कुणीतरी धरून ठेवल्यागत. मग त्यानं एकदम सोडल्यागत पुढं उडी. गेल्या रविवारी मी बघायला म्हणून मागं बसून गेलते. शेजारी सांगलीची एक बाई हुती, तिनं माझ्या लुगड्यावर ओकारी काढली. तिचा काय दोष न्हाय.

मौलालीला म्हटलं, गाडी दाखव कुणाला तरी. म्हणतो, "अम्मा, ऑटोमॅटिक हाय, आपोआप नीट हुईल." माझ्या पोटचा हाय म्हणून एवढंच लिहिते, त्याच्या डोक्यातला गिअर आजवर कधी आपोआप पडलेला मी बघितला न्हाय.

महिन्याभरात खेटं सुरू हुतील. पाच रविवार त्या रस्त्यानं माणसं अनवाणी डोंगर चढत्यात, लेकरं खांद्यावर घिऊन. त्या गर्दीत ह्या गाडीनं अशी उडी मारली तर काय हुईल ते डोळ्यापुढनं जात न्हाय. चार दिवस झालं मी एका जागी बसून भाकरी खाल्ली न्हाय. फिरता फिरता तोडते आणि गिळते. तुझी अम्मी म्हणती, मुंगळा चावलाय काय.

तू तिकडं होसूरला गिअरच्याच कारखान्यात हाईस. काय तपासायचं ते लिही. एकेक लिही.

खैरुनबी, स्वहस्ते


होसूर, २५ जानेवारी

दादी,

सलाम. हसले नाही. तुझं अक्षर माझ्या साहेबापेक्षा बरं आहे.

तू लिहिलेलं वाचून पहिला संशय गिअरबॉक्सच्या तेलावर जातो. जीपच्या गिअरबॉक्समध्ये नुसती दातेरी चाकं होती. ह्या गाडीत इंजिनाची ताकद तेलातून पुढं जाते. तेल कमी पडलं किंवा जळलं की आतल्या चकत्या एकमेकींवर घसरतात. इंजिन ओरडतं, गाडी ओढत नाही, आणि मग चकत्या एकदम पकडतात तेव्हा झटका बसतो. "मागनं कुणीतरी धरल्यागत" म्हणालीस ना, त्यालाच आम्ही इथं स्लिप म्हणतो.

आता हे नीट कर. गुंडू मिस्त्रीला बोलव. इंजिनाचं तेल आपण गाडी बंद ठेवून बघतो, ह्याचं तसं नाही. गाडी पाच-सात मैल फिरवून गरम करायची, सपाट जागी उभी करायची, आणि इंजिन चालू ठेवून तेलाची पट्टी काढायची. थंड गाडीत तेल कमीच दिसतं, ते बघून कुणी वरून ओतलं तर गाडी आणखी बिघडेल. पट्टी पांढऱ्या फडक्यावर पूस. तेल डाळिंबाच्या रसासारखं लाल असेल तर चांगलं. काळं असेल, करपल्याचा वास येत असेल, तर चकत्या गेल्या समज.

एक सहज विचारते. अब्बा गाडी चालवून हल्ली दमतात का?

शबनूर


कोल्हापूर, ३१ जानेवारी

शबनूर,

गुंडूला बोलावलं. आल्या आल्या थंड गाडीची पट्टी काढून म्हणाला, "खैरुनचाची, तेल कमी हाय, लिटरभर सोडतो." मी म्हटलं, "सोड की. आधी तुझी मिशी भादरते, मग सोड." त्याला तुझा कागद वाचून दाखवला. मिस्त्रीच्या जातीला बाईच्या हातचा कागद ऐकायला जड जातंय, पण ऐकला.

गाडी केर्लीपर्यंत तोच चालवत घिऊन गेला, मी मागं. शबनूर, गाडी अशी गेली की ताटलीवरनं लोणी जावं. एक झटका न्हाय. परत आल्यावर चालू गाडीची पट्टी काढली, माझ्या पदराला पुसली. लालभडक. वास घेतला, कान गेलं तरी नाक शाबूत हाय. करपल्याचा वास न्हाय. करपट वास येतो, खोटं कशाला सांगू, पण तो मौलाली डोंगरावरनं आला की पुढच्या चाकापाशी येतो. उतारावर समद्यांच्याच गाडीला येतो, असं गुंडू म्हणतो.

मग मौलालीला म्हटलं, आता तू वडणगे फाट्यापर्यंत चालव. तर फाट्याच्या आधीच दोन झटकं. गुंडू डोकं खाजवतोय. म्हणाला, "मौलालीभाई, गाडी तुमच्यावर रुसलीया." मौलाली हसला. मला ते हसणं आवडलं न्हाय. लहानपणी भांडं फोडलं की असाच हसायचा.

दमतो का विचारलंस. सहज म्हणून कुणी विचारत न्हाय, तेवढं मला कळतंय. दमत न्हाय. पाय तेवढं ओढत चालतो, पण ते पायताणामुळं. चांगली कापशी पायताणं हुती, त्यांना खिळा लागत न्हाय, समदं चामड्याच्या वादीनं शिवलेलं. तर ह्या शहाण्यानं डाव्या पायताणाला खालनं टायरचा तळ लावून घेतला आणि पुढं चवड्याला चार चुका, बारीक खिळं, मारून आणल्या. आता चालतो ते टक टक वाजतंय म्हणं. मला ऐकू येत न्हाय, अम्मी सांगती.

खेट्याला पंधरा दिवस ऱ्हायलं. लवकर लिही.

खैरुनबी


होसूर, ५ फेब्रुवारी

दादी,

तेल चांगलं आहे म्हणजे मोठं खर्चाचं दुखणं नाही. पण मग मला कोडं पडलंय. गुंडूमामानं गाडीला कॉम्प्युटर जोडून बघितला का? नसेल तर शिरोली एमआयडीसीत जोडून देतात. बिघाड असेल तर गाडी स्वतःच त्याचा नंबर सांगते.

अब्बा चालवतात तेव्हाच होतं, त्याचं कारण वजन असेल. गुंडूमामा रिकामी गाडी घेऊन गेला, अब्बांच्या गाडीत पाच-सहा माणसं असतात. म्हणून आता तू पुढं बस, अब्बांच्या शेजारी, आणि भरलेल्या गाडीतून वरपर्यंत जा. समोर दोन घड्याळं आहेत. एक वेगाचं, दुसरं इंजिनाच्या फेऱ्यांचं. झटका बसायच्या आधी फेऱ्यांचा काटा वर उडतो का ते बघ, आणि कुठं उडाला ते लिहून ठेव. चढ, वळण, सपाट, सगळं लिही. गाडीत आणखी जे काही दिसेल तेही लिही. तुला फालतू वाटलं तरी लिही.

चुकांचं वाचून हसू आलं. अब्बांनी एका पायताणात चारच मारल्या, बाकीच्या घरात मारतात.

शबनूर


कोल्हापूर, १० फेब्रुवारी

शबनूर,

विनोद नंतर करू.

कॉम्प्युटर जोडला. शिरोलीच्या पोरानं कागद काढून दिला, त्यावर एकही नंबर न्हाय. गाडीला काय झालेलं न्हाय म्हणतो.

काल पुढं बसून गेले. मागं इचलकरंजीचं पाच पावणं, सहावं मांडीवर. मी वही आणि पेन्सिल घिऊन बसले तर मौलाली म्हणतो, "अम्मा, पोलिसात भरती झालीस काय?" म्हटलं, "तू रस्त्याकडं बघ."

शिवाजी पुलावर काटा उडाला. रस्ता सपाट, वजनाचा काय संबंध न्हाय. वडणगे फाट्याला न्हाय. केर्लीच्या अलीकडं दोनदा. घाटात मोजायचं सोडलं. दर खेपेला आधी मागनं धरल्यागत हुतंय, काटा उडतोय, आणि तो शिवी देऊन खाज सुटल्यागत मांडी हलवतो, की गाडी सुटती. जादूच म्हणायची.

फालतू पण लिही म्हणालीस म्हणून लिहिते. घाटात एक मोटरसायकलवाला खिडकीजवळ येऊन हात करून काय तरी बोंबलत हुता. मला वाटलं दारू प्यालाय, मी बी चार शब्द सुनावलं. वर गेल्यावर पावण्यांतली म्हातारी माझ्या कानाशी येऊन सांगती, तो म्हणत हुता, "पावणं, मागचा लाल दिवा चालूच हाय." दिवा बिघडला असंल, ते गुंडूला सांगते.

आणि दुसरं. मधल्या जागेत माझ्या पायाशी त्याचं डावं पायताण येऊन पडलं. म्हटलं, "नबाबा, पायताण सुटलंय." खाली बघून म्हणाला, "व्हय की." सुटलेलं म्हाईतच न्हवतं. मी उचललं, उलटं करून बघितलं. चार चुकांतली एक न्हाय, नुसतं भोक. टायर लावणाऱ्याला पैसं देऊन चूक सुद्धा टिकत न्हाय.

येत्या रविवारी पहिला खेटा. मी रस्त्यावर जाऊन उभी ऱ्हाते आणि परत येते. पुन्हा जाते. अम्मी मला बघून दमली.

खैरुनबी


होसूर, १४ फेब्रुवारी
स्पीड पोस्टानं

दादी,

हे सावकाश वाच.

दिवा बिघडलेला नाही. ब्रेकला नुसता पाय टेकला तरी मागचा लाल दिवा लागतो, आणि त्याच क्षणी गिअरबॉक्स इंजिनाशी घट्ट धरलेला हात सोडतो. म्हणून काटा वर उडतो. वरून ब्रेक चाकांना आवळून धरतो. पाय बाजूला झाला की सगळं एकदम सुटतं, आणि गाडी उडी मारते. तू पहिल्याच कागदात लिहिलं होतंस, मागनं कुणीतरी धरल्यागत. बरोबर लिहिलं होतंस. मी माझ्या कारखान्यातला शब्द त्यावर चिकटवला आणि दोन पत्रं वाया घालवली. चाकापाशी करपलेला वास तेलाचा नव्हता, ब्रेकचा होता.

अब्बांचा डावा पाय ब्रेकवर टेकलेला असतो आणि त्यांना ते कळत नाही.

आता मी तुझ्यापासून लपवलेलं सांगते. दोन वर्षांपूर्वी अब्बांनी मला फोन केला होता. म्हणाले, डावा पाय क्लचवर आहे की नाही ते खाली बघावं लागतं. अब्बांना साखरेचा आजार, त्यानं पायाची जाणीव जाते, एवढं मला माहीत होतं. डॉक्टरकडं जा म्हटलं तर म्हणाले, गेलो तर गाडी बंद करायला सांगतील, घर कशावर चालवू? मला शपथ घातली, अम्मीला आणि दादीला सांगायचं नाही. मग मीच ही गाडी शोधली. क्लच नाही, डाव्या पायाला काम नाही. मला वाटलं मी मोठं डोकं चालवलं.

काल अब्बांना फोन केला होता. रविवारी गाडी काढणार नाही म्हणालेत. माझा त्यांच्या शब्दावर विश्वास आहे आणि नाहीही.

दादी, ती चौथी चूक रस्त्यात पडली नसेल तर कुठं आहे? त्यांचा तळवा बघ. आजच बघ.

शबनूर


कोल्हापूर, १८ फेब्रुवारी

शबनूर,

तुझा कागद सोमवारी आला. रविवार त्याच्या आधी येतो.

तुला दिलेला शब्द मला म्हाईत न्हवता, त्यानं गाडी काढली. पण मी बी गप बसले न्हवते. रात्रंदिवस एकच चाललेलं, की तेल बघितलं, कॉम्प्युटर बघितला, वजन बघितलं, एक ड्रायव्हर सोडून समदं तपासलं. म्हणून रविवारी फजरच्या नमाजानंतर माझी पानाची डबी घिऊन गाडीत शिरले आणि ब्रेकच्या डाव्या कडेला बोटानं ओला चुना फासला. नुसत्या डाव्या कडेला. उजव्या पायानं ब्रेक दाबणाऱ्याचा पाय तिथवर जात न्हाय, हे गुंडूच्या पायावरनं मी आधी बघून ठेवलं हुतं.

दुपारी गाडी आली तवा बॉनेट गुलालानं माखलेलं आणि डावीकडं पत्रा चेपलेला. मौलाली म्हणाला, माकड आडवं आलं. गुंडू त्याच्या मागनं स्वतःची गाडी घिऊन येत हुता, त्याला बाजूला घेतला तवा खरं निघालं. उतारावर दुसऱ्या वळणाला ब्रेक लागलाच न्हाय. चाकातनं धूर. वर जाताना आणि उतरताना पाय टेकवून ब्रेक तापवून तापवून मारला हुता. मौलालीनं हँडब्रेक ओढून गाडी डोंगराच्या अंगाला घातली. एक बाई लेकराला घिऊन अनवाणी वर चढत हुती. तिनं लेकरू ओढलं, हातातली गुलालाची परडी गाडीवर उडाली. मधी हातभर जागा हुती म्हणाला गुंडू. हात केवढा ते त्यानं हात करून दाखवलं. गुंडूचा हात लांब न्हाय.

मी मौलालीला ओट्यावर बसवलं आणि त्याचं पाय वर घेतलं. म्हणाला, "अम्मा, काय करतीयास, लोक बघत्यात." म्हटलं, "बघू देत." उजवं पायताण कोरडं. डावं पायताण पायात न्हवतंच, गाडीत पडलेलं. डावा तळवा पांढरा.

चुना पुसला तर करंगळीखाली जखम. रुपयाएवढी. चुन्यानं कडा उकडल्यागत झाल्या हुत्या. तुझ्या-माझ्या पायाला लागला असता तर आरडून गाव गोळा केला असता. मी बोट लावून विचारलं, "दुखतंय?" तो समोर बघत म्हणाला, "काय?"

आत काळं काय तरी दिसलं. तुझ्या अम्मीचा भुवया उपटायचा चिमटा मागितला आणि ओढून काढली. चूक. पायताणातली चौथी. किती दिवस तिच्यावर चालत हुता त्याचं त्यालाच ठावं न्हाय. दुसऱ्या दिवशी तुझा कागद आला, त्यात तू विचारलेलं, चौथी चूक कुठं हाय. काडेपेटीत घालून ठेवलीया.

त्या जखमेला चुना मी लावला. हे मीच लिहून ठेवते, मागनं कुणी सांगायला नको.

दवाखान्यात घातलाय. पू आत शिरलाय. करंगळी ऱ्हाती का बघतो म्हणाले, नंतर पायाचं बघू म्हणाले. तुझी अम्मी रडती. मी दवाखान्याच्या जिन्यात वर-खाली करते.

तू शपथ पाळलीस. पुढच्या वेळंला शपथ मोड आणि मला कागद लिही. गुन्हा माझ्या नावावर घाल.

खैरुनबी


होसूर, २३ फेब्रुवारी

दादी,

पुढच्या आठवड्यात शुक्रवारी निघतेय, शनिवारी सकाळी पोचेन. रजा मिळाली. नसती मिळाली तरी निघणार होते.

काल अब्बांचा फोन आला. आवाज मोकळा होता. म्हणाले, करंगळी गेली तर गेली, पाय राहिला, आणि बाकीच्या बोटांत आता जाणीव येतेय, मुंग्या येतात, चौथ्या खेट्याला गाडी काढतो. डॉक्टरही हो म्हणालेत असं सांगत होते. मला तो आवाज ऐकून इतकं बरं वाटलं की मी पुढचं विचारलंच नाही. मग रात्रभर जागी राहिले.

गेलेली जाणीव अशी आठ दिवसांत परत येत नाही, असं मी वाचलंय. पण मी तेलाबद्दलही बरंच वाचलं होतं. तू तिथं आहेस. खरं काय ते लिही.

शबनूर


कोल्हापूर, २७ फेब्रुवारी

शबनूर,

हा कागद तू निघायच्या आधी पोचंल का न्हाय कुणास ठाऊक. न पोचला तर इथं येऊन माझ्याकडनं ऐक, फक्त मी बोलताना दार लाव.

मौलाली घरी आलाय. करंगळी गेली. डॉक्टर हो म्हणाला हे खोटं हाय. डॉक्टर म्हणाला, ह्या पायाला आता डोळ्यांनीच सांभाळायचं, रोज सकाळ-संध्याकाळ तळवा बघायचा, अनवाणी एक पाऊल टाकायचं न्हाय, आणि पाय कुठं टेकलाय ते कळत न्हाय तवर गाडीचं नाव घ्यायचं न्हाय. रोजं धरायचं न्हाय असंही म्हणाला, त्यावर मौलाली त्याच्याशी भांडला. गाडीवर एवढा भांडला न्हवता.

दुसरा खेटा गुंडूनं केला. आपलीच गाडी, सहा माणसं भरून, ब्रेकचं पॅड नवं घालून. लोण्यागत गेली म्हणतो. पत्रा तेवढा तसाच ठेवलाय. मीच सांगितलं, चेपलेला ऱ्हाऊ दे, जाता-येता दिसू दे.

पण मौलाली घरात बसलाय आणि दर तासाला किल्ली मागतोय. नुसती चालू करून बघतो म्हणतो. बॅटरी उतरंल म्हणतो. म्हणून मी त्याच्याशी करार केलाय. सकाळी पाय बघायला घेतला की त्यानं डोळं मिटायचं. मी ऱ्हायलेल्या चार बोटांतलं एक धरणार आणि विचारणार, कुठलं? सात दिवस सलग बरोबर आलं की किल्ली त्याची. मधी चुकला की परत पहिल्यापासनं.

पहिल्या दिवशी मधलं धरलं, तो म्हणाला अंगठा. दुसऱ्या दिवशी अंगठा धरला, म्हणाला करंगळी. करंगळी डॉक्टरकडं हाय म्हटलं. तिसऱ्या दिवशी पाय आखडून घेतला.

आज सकाळी हसत बसला. लहानपणी भांडं फोडल्यावर हसायचा तसा. डोळं मिटलं, छाती पुढं काढली आणि म्हणाला, "अंगठा, अम्मा. आता स्वच्छ कळतंय बघ."

मी हात लावलाच न्हवता. हात माझ्या मांडीवर हुता.

तळवा पुसला, पट्टी बांधली, किल्ली कमरेला परत खोचली आणि आत गेले. तुझ्या अम्मीनं भाकरी वाढली. आज बसून खाल्ली.

खैरुनबी